फायटर माशाला सोबत कुणाची?



सातारा-सांगलीच्या दुकानांत प्लॅस्टिकच्या इवल्याशा डबीत लांब शेपटीचा निळा-लाल मासा विकायला असतो. पोरं हट्ट करतात, आपण घेतो. त्याचं नाव बेट्टा, दुकानदार त्याला फायटर म्हणतात. आमच्या गटांच्या बैठकीत त्याच्याबद्दल दोनच प्रश्न येतात: बरणीत ठेवला तर चालेल का, आणि एकटा आहे बिचारा, जोडीदार आणू का?

बरणीचं आधी. हा मासा थायलंडकडचा, भातखाचरांतला. खाचरात पाणी कमी, म्हणून तो बरणीतही राहील असा समज झाला. पण आपल्या पाटण-जावळीची खाचरं आठवा. पाणी उथळ, पण पसारा केवढा! हा मासा वर येऊन हवेतला श्वास घेतो, म्हणून बरणीत लगेच मरत नाही, इतकंच. त्याच्याच घाणीतून पाण्यात अमोनिया साठतो आणि तो आजारी पडतो. फूटभर लांब, रुंद आणि उंच काचेच्या पेटीत २८ लिटर पाणी मावतं. एकट्या फायटरला एवढी पेटी छान. तो उडी मारतो, म्हणून झाकण हवं. पण पाणी आणि झाकण यांत चार बोटं हवा राहू द्या. फिल्टर स्पंजचा, मंद चालणारा घ्या. वीज गेली तरी तो गुदमरत नाही, हा त्याचा मोठा गुण. थंडी मात्र सोसत नाही. पाणी २४ ते २८ अंश लागतं, त्यामुळे माण-खटावच्या थंडीत छोटा हीटर लावावाच लागतो. नळाच्या पाण्यात टीसीएल असतं. ते पाणी पसरट भांड्यात दिवसभर उघडं ठेवून मगच वापरा. दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदला, सगळं एकदम नको.

आता सोबत. दोन नर एकत्र कधीच नाहीत. आणि माशाला बायको आणून द्यायची आपल्याला भारी घाई! नर-मादी फक्त पिल्लांसाठी, तेही नजरेखाली एकत्र आणतात. अंडी घातली की तो तिच्याच अंगावर धावून जातो. डासांच्या अळ्या खायला आरोग्य खात्याकडून मिळतात ते गप्पी मासे सोबत टाकावेत, असं अनेकींना वाटतं. नको. गप्पीच्या नराची रंगीत शेपटी बघून फायटरला तो वैरीच वाटतो. टायगर बार्ब उलट याचेच पंख कुरतडतात. गोल्डफिशला थंड पाणी मानवतं, शिवाय तो घाण फार करतो.

सोबत द्यायचीच तर पाण्यातली गोगलगाय द्या. पेटी दोन फुटी असेल तर तळाशी फिरणारे कोरीडोरास चालतात, पण ते घोळक्याने राहतात, सहा तरी आणा आणि खाली बारीक वाळू घाला. नाहीतर एकटाच ठेवा. लपायला दोन पाणवनस्पती असल्या की तो कुढत नाही.

प्रत्येक फायटरचा स्वभाव निराळा. एखादा गोगलगाईच्या शिंगांनाही टोचतो. म्हणून नवी सोबत टाकली की पहिले चार दिवस लक्ष ठेवा, आणि वेगळं काढायला पाणी मुरवलेली एक बादली शेजारी भरून असू द्या.