पृथ्वीच्या पोटांत



ज्या स्थळाविषयीं मी आज बोलणार आहें, तें येथून फारसें दूर नाहीं. मुंबईहून लंडनला जाणारें विमान सात हजारांहून अधिक किलोमीटर अंतर तोडतें. पृथ्वीचें केंद्र आपल्या पायांखालीं ६,३७१ किलोमीटरांवरच आहे. तथापि लंडनला रोज शेंकडों माणसें जातात, आणि या दुसऱ्या ठिकाणीं आजवर कोणी गेलें नाहीं, जाण्याचा संभवहि नाहीं.

माणसानें प्रयत्न केला नाहीं असें नव्हे. २००१ सालीं बंद झालेल्या कोलारच्या सोन्याच्या खाणी तीन किलोमीटरांहूनहि खोल उतरल्या होत्या. रशियाच्या उत्तरेस कोला द्वीपकल्पांत १९७० सालीं वीतभर रुंदीचें एक भोंक पाडण्यास आरंभ झाला, आणि १९८९ सालीं तें १२,२६२ मीटरांपर्यंत गेलें. तेथें उष्णता १८० अंशांवर पोंचली, खडक मऊ पडूं लागला आणि काम थांबलें. एवढ्या खटाटोपानें वाटेचा सुमारें पांचशेंवा हिस्साच तोडला गेला. आंब्याची उपमा द्यावयाची तर सालहि पुरती भेदली गेली नाहीं. कोय तर दूरच राहिली.

मग आंत काय आहे हें कळलें कसें? माझ्या मतें केंद्रांत काय आहे यापेक्षां हाच प्रश्न अधिक रसाचा आहे.

कल्पनांची वाण कधींच नव्हती. धूमकेतूमुळें आपणांस परिचित असलेल्या एडमंड हॅलीनें १६९२ सालीं पृथ्वी पोकळ असून तींत एकांत एक गोल बसविलेले आहेत, असें प्रतिपादिलें. आपल्याकडेहि अतल, वितल, सुतल अशीं सात नांवें घोकलीं जात. आपल्या पूर्वजांस भूगर्भांतील थर ठाऊक होते असा दावा यावरून कोणी केल्यास मी त्यास दुजोरा देणार नाहीं. त्यांत मोजमाप नव्हतें. मोजमाप केलें तें हेन्री कॅव्हेंडिश या अबोल गृहस्थानें. शिशाच्या गोळ्यांमधील अतिसूक्ष्म आकर्षण मोजून त्यानें १७९८ सालीं ठरविलें कीं पृथ्वी पाण्याच्या सुमारें साडेपांच पट जड आहे. आपल्या सह्याद्रीचा काळा पत्थर जेमतेम तिप्पट भरतो! तेव्हां पोटांत पोकळी तर नाहींच, उलट कांहींतरी फार जड आहे, हें निश्चित झालें. आकाशांतून पडणाऱ्या अशनींपैकीं कांहीं लोखंडाचे व निकेलचे असतात. त्यामुळें संशय लोखंडावर गेला.

परंतु वजन कळणें म्हणजे दर्शन घडणें नव्हे. दर्शन घडविलें भूकंपांनीं, आणि त्याची किंमत माणसांनीं दिली. १२ जून १८९७ रोजीं आसामांत प्रचंड धरणीकंप झाला. शिलाँगमधील दगडी इमारती कोसळल्या. सुमारें दीड हजार माणसें प्राणांस मुकलीं. भारतीय भूगर्भ सर्वेक्षण खात्यांतील रिचर्ड ओल्डहॅम यांनीं या अनर्थाचा विस्तृत अभ्यास केला. त्याच धक्क्याच्या लहरी हजारों किलोमीटर दूर युरोपांतील यंत्रांनीं टिपल्या होत्या. त्या नोंदींवरून ओल्डहॅम यांस दिसलें कीं लहरी तीन जातींच्या असतात: आधीं पोंचते ती दाबाची, मागून येते ती आडव्या हेलकाव्याची, आणि शेवटची भूपृष्ठावरून रांगत येणारी. पुढें १९०६ सालीं त्यांनीं दाखविलें कीं पृथ्वीच्या मधून पलीकडे जाणाऱ्या लहरींस अपेक्षेहून उशीर होतो. अर्थात् मध्यें निराळ्या द्रव्याचा गाभा आहे. बेनो गुटेनबर्ग यांनीं त्याची सीमा सुमारें २,९०० किलोमीटर खोलीवर निश्चित केली. आडव्या हेलकाव्याची लहर द्रवांतून जाऊं शकत नाहीं, आणि ती या गाभ्यांतून पार होतांना आढळत नाहीं. गाभा द्रव आहे, हें हॅरोल्ड जेफ्रीज यांनीं १९२६ सालीं मांडलें.

येथेंच प्रकरण संपलें असतें. पण कोपनहेगनमध्यें इंगे लेमान नांवाच्या एक विदुषी होत्या. १९२९ सालीं न्यूझीलंडमध्यें झालेल्या भूकंपाच्या नोंदी तपासतांना त्यांस एक विसंगति दिसली. द्रव गाभ्यामुळें लहरी वांकतात, व भूपृष्ठाच्या एका पट्ट्यांत त्यांची जणूं सावली पडते. त्या सावलींत मुळींच येऊं नयेत अशा दुबळ्या लहरी आलेल्या होत्या! इतरांनीं त्यांची कशीबशी वासलात लावली होती. लेमानबाईंनीं हिशेब मांडला, आणि १९३६ सालीं सांगितलें कीं द्रव गाभ्याच्या आंत आणखी एक गाभा आहे. या आंतल्या गाभ्याची त्रिज्या सुमारें १,२२० किलोमीटर आहे, आणि तो घन आहे. त्याच्याहि मध्यभागीं सुमारें ६५० किलोमीटर त्रिज्येचा निराळ्या घडणीचा गोळा असावा, असा पुरावा २०२३ सालीं पुढें आला आहे.

केंद्राशीं उष्णता पांच ते सहा हजार अंश सेल्सिअस, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागासारखी आहे. मग लोखंड तेथें वितळत कसें नाहीं? महाबळेश्वरीं हवेचा दाब कमी, म्हणून पाणी लवकर उकळतें व डाळ शिजावयास वेळ लागतो, हें गृहिणींस ठाऊक आहे. केंद्राशीं याच्या उलट प्रकार: तेथें दाब आपल्या हवेच्या सुमारें ३६ लाख पट आहे, त्यामुळें लोखंडाचा वितळण्याचा अंशहि तितकाच वर चढतो. गंमत अशी कीं एवढ्या दाबाच्या त्या स्थानीं वस्तूला वजन मात्र शून्य. सर्व बाजूंची ओढ सारखीच!

बाहेरचें द्रव लोखंड हळूंहळूं निवत आंतल्या गाभ्यावर गोठत आहे, व त्या घडामोडींत तें सतत घुसळलें जातें. या घुसळणींतूनच पृथ्वीचें चुंबकत्व उपजतें. सूर्याकडून येणारा विद्युत्कणांचा मारा बराचसा परतविला जातो तो यामुळेंच.

या चुंबकत्वाची नोंद मुंबईस कुलाब्याच्या वेधशाळेंत १८४१ सालापासून होत असे. पुढें शहरांतील ट्रामगाड्या विजेवर चालणार असें ठरलें. विजेच्या प्रवाहानें सुया बिघडतील, म्हणून नानाभाई मूस यांनीं अलिबाग निवडलें, आणि १९०४ सालीं तेथें नवी वेधशाळा उभी राहिली. पायांखालच्या त्या द्रव लोखंडाची हालचाल अलिबागेस आजहि टिपली जात आहे.