सातच्या भोंग्यानंतर काय?



मुलांच्या हातातील मोबाईलचा विषय निघाला की बोट दाखविले जाते ते आईकडे. तिने निग्रह करावा, असा उपदेश होतो. जन्मभर अर्थशास्त्र शिकविलेल्या माणसाला हा उपदेश चमत्कारिक वाटतो. मुलाचे लक्ष हाच ज्यांचा कच्चा माल आहे, अशा बलाढ्य भांडवलाशी एकेका घराने स्वतंत्र झुंज द्यावी, एवढाच त्याचा अर्थ. एकट्या कामगाराने मालकाशी पगाराची बोलणी करावीत, असे आपण कधी म्हटले होते काय?

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने ही झुंज सामुदायिक केली. कोरोनाच्या टाळेबंदीत शाळा मोबाईलवर आली. पुढे शाळा उघडल्या, पण मोबाईल सुटेना. १४ ऑगस्ट २०२२ रोजी गावाने सभा घेऊन ठरविले की, सायंकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजावा आणि साडेआठपर्यंत टीव्ही व मोबाईल बंद राहावेत. एकाच घरातील टीव्ही बंद झाला तर मूल शेजारी जाऊन बसते. साऱ्या गावाचाच बंद झाला म्हणजे ती पळवाट राहत नाही. शिवाय नियम थोरांच्या मालिकांनाही लागू होता.

मात्र समाज म्हणजे जात, असे समजण्याची आपल्याकडे जुनी खोड आहे. २०१९ साली गुजरातेतील बनासकांठा जिल्ह्यात एका समाजाच्या पुढाऱ्यांनी बारा गावांतील अविवाहित मुलींना मोबाईल बाळगण्यास बंदी केली. मुलगे मोकळेच. त्याला बालसंगोपन म्हणता येणार नाही; तो पहारा झाला.

भोंगा दीड तास मोकळा करून देतो. त्या दीड तासात मुलाने करावे काय? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालवाडी काढली. मूल शाळेत येत नसेल तर शाळाच त्याच्या अंगणात न्यावी, हा विचार त्यांच्या कार्यातून रुजला. अंगणवाडी हा शब्दही त्याच वाटेने आला. २ ऑक्टोबर १९७५ पासून सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली. पण त्या अंगणात राबणाऱ्या बाईला वेतन न देता 'मानधन' दिले. (शब्दाने मान वाढतो, धन नाही!) पुढे तिच्याही हाती मोबाईल आला. नोंदी भरता भरता मुलांचा वेळ जाऊ लागला, त्यात ॲप इंग्रजीत. २०२१ साली महाराष्ट्रातील हजारो सेविकांनी ते निकृष्ट मोबाईल सरकारला परत केले. डिसेंबर २०२३ मध्ये त्या संपावर गेल्या, तेव्हा आपल्यापैकी किती जण त्यांच्या मोर्चात होते?

बहुतेक गावांत शाळेची इमारत आहे, तिच्यापुढे मैदान आहे. सायंकाळी दोहोंना कुलूप असते. त्या कुलपाची किल्ली कोणाकडे असते, आणि सातनंतर ते उघडून मुलांत बसणाऱ्या माणसाला ग्रामपंचायत काय देईल, हे दोन प्रश्न येत्या ग्रामसभेत लेखी विचारा.