बटण दाबा, मगच वेळ कळेल

आज बोलूया अशा घड्याळाबद्दल, जे आपणहून वेळ दाखवतच नाही. मनगटावर नुसती काळपट लाल काच. बाजूचं बटण दाबलं की लाल आकडे उजळतात, सव्वा सेकंद थांबतात आणि गायब!

हे १९७२ चं ‘पल्सर’. अमेरिकेतल्या हॅमिल्टन कंपनीचं, एलईडी आकड्यांचं पहिलं डिजिटल मनगटी घड्याळ. १८ कॅरट सोन्याची केस आणि किंमत २,१०० डॉलर! १९७३ च्या ‘लिव्ह अँड लेट डाय’मध्ये जेम्स बाँडच्या हातात दिसतं ते याचंच पुढचं मॉडेल.

आता, बटण कशाला? स्टाइल म्हणून नाही. तेव्हाचे एलईडी इतकी वीज खायचे, की आकडे सतत चालू ठेवले असते तर सेल बघता बघता संपले असते. म्हणजे आज आपण ज्याला ‘रेट्रो लूक’ म्हणतो, ती खरं तर इंजिनिअरची तडजोड होती. वेळ लावायला किल्लीसुद्धा नाही. पट्ट्याच्या क्लास्पमध्ये छोटं लोहचुंबक लपवलेलं असायचं. ते काढून घड्याळाच्या पाठीला लावायचं.

१९७६ चं बुलोव्हा कंप्युट्रॉन बघा. वरून पाहिलं तर धातूचा तिरका ठोकळा. आकडे आपल्याकडे तोंड केलेल्या कडेवर, कारण स्टिअरिंगवरचा हात न वळवता वेळ दिसावी. (बटण दाबायला दुसरा हात लागतोच, ते सोडा!) आत काटे नाहीत, गिअर नाहीत, मग घड्याळ गोलच का असावं?

या सगळ्याच्या मुळाशी आहे क्वार्ट्झचा स्फटिक. वीज दिली की तो ठरावीक गतीने थरथरतो. २५ डिसेंबर १९६९ ला सेइकोने टोकियोत विक्रीला आणलेल्या ॲस्ट्रॉनमध्ये हा वेग सेकंदाला ८,१९२ होता. पुढे ३२,७६८ हा आकडा रूढ झाला. कोडिंग करणाऱ्यांनी ओळखलाच असेल: २ चा १५ वा घात. सर्किटने तो १५ वेळा निम्मा केला की उरते सेकंदाला बरोबर एक टिक. इतकं साधं!

पण साधं आणि छोटं झालं की ते स्वस्तही होतं. काही वर्षांतच टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने प्लॅस्टिक केसमधलं एलईडी घड्याळ २० डॉलरच्या आसपास आणलं. तोवर एलसीडीही आला होता: आकडे कायम दिसतात, वीज नावापुरती लागते. दशक संपेपर्यंत एलईडीचा खेळ आटोपला.

आता कळीचा मुद्दा. किल्लीच्या घड्याळातलं चाक झिजलं, तर कसलेला कारागीर नवं घडवू शकतो. इथे चिप मेली तर ती चिप आज कोणी बनवत नाही. मग उरतात दोनच वाटा. दुसऱ्या बंद घड्याळातून भाग काढायचे, नाहीतर हौशी लोक बनवतात ते नवं मॉड्यूल बसवायचं. जाणकार म्हणतात, मग ते ‘ओरिजिनल’ कुठे राहिलं? माझं मत वेगळं आहे. या घड्याळाची सगळी मजा बटण दाबल्यावर उजळण्यात आहे. उजळतच नसेल तर ते पेपरवेट. नवं मॉड्यूल खुशाल बसवा. जुनं मात्र फेकू नका, डबीत जपून ठेवा. आणि विकताना स्पष्ट सांगा. बदललेलं मॉड्यूल ही फसवणूक नाही, ते लपवणं ही फसवणूक.

घ्यायचंच असेल तर तीन गोष्टी करा. एक, सेकंद चालू असतानाचा व्हिडिओ मागा. शून्य ते नऊ आकडे समोरून गेले की कुठली रेघ मेलीय ते लगेच दिसतं. दोन, मागचं झाकण उघडलेला फोटो मागा. सेल गळल्याचा पांढरा-हिरवा थर दिसला तर जपून. तीन, घड्याळ महिनोन्‌महिने वापरणार नसाल, तर सेल काढून ठेवा.

आणि रोज ऑफिसला घालायचं असेल, तर हॅमिल्टनने २०२० मध्ये त्याच रूपाचं ‘पीएसआर’ आणलंय, ते बघा. जुनं सांभाळायचं असतं, नवं वापरायचं असतं. दोन्ही हौशी वेगळ्या आहेत; पैसे काढण्याआधी आपली कुठली, ते ठरवा.

चला, भेटू पुढच्या भागात!