चुन्याखाली दडलेला सेंट जॉर्ज

आज जाऊया वेल्समधल्या लॅनकार्व्हन गावात. तिथल्या सेंट कॅडॉक चर्चचं छप्पर दुरुस्त करताना, २००८ मध्ये भिंतीवर एक लाल रेघ दिसली. चुन्याचे वीसेक थर स्काल्पेलने हळूहळू खरवडले, तर खाली पंधराव्या शतकातली चित्रं! ड्रॅगनला मारणारा सेंट जॉर्ज, सात महापापं आणि नटूनथटून निघालेल्या तरुणाचा हात धरून नेणारा मृत्यू.

सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेत चर्चमधली चित्रं नको झाली, म्हणून भिंतींवर चुना फासला. मी पडलो सॉफ्टवेअरवाला. मला हे डिलीट नाही, ‘हाइड’ वाटतं. मिटवायला लावलेल्या चुन्यानेच चित्रं जपली. खरवडताना घाई केली असती, तर मात्र कायमची गेली असती. जुनी भिंत दिसली की आधी थांबा, नीट बघा. भेटूच!