चित्रकलेचा तास

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या पालकसभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगीं मागील पन्नास वर्षांचा जमाखर्च मांडण्याची चाल आहे. मंदिराचें छप्पर, घंटा, शाळेच्या नव्या खोल्या यांविषयीं इतर वक्ते सांगतीलच. आम्हांस मात्र एका लहानशा गोष्टीविषयीं बोलावयाचें आहे. ती गोष्ट म्हणजे आठवड्यांतून दोनदां येणारा चित्रकलेचा तास. हा तास काढून गणितास द्यावा, अशी कांहीं पालकांची सूचना शाळासमितीपुढें आली आहे. सूचना करणारांचा हेतु चांगला आहे. आपलें मूल पुढें जावें, त्यानें चार पैसे मिळवावे, असें कोणास वाटत नाहीं? तरी निर्णय होण्यापूर्वीं आमचे चार शब्द आपण शांतपणें ऐकून घ्यावे, अशी विनंति आहे.

प्रथम हें कबूल केलें पाहिजे, कीं आज आपण हा तास ज्या रीतीनें चालवितों, त्या रीतीनें तो चालणार असेल तर त्याची बाजू घेणें कठीण आहे. कोणत्याहि इयत्तेंत जावें आणि मुलांस 'देखावा काढा' म्हणून सांगावें. चाळीस वह्यांत एकच देखावा दिसेल: दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खालीं नदी, कांठीं झोंपडी आणि वर चार पक्षी. आपलीं मुलें वसईच्या किनाऱ्यावर वाढलेलीं. सूर्य समुद्रांत बुडतांना तीं रोज पाहतात. वहींतला सूर्य मात्र दोन डोंगरांमधूनच वर येतो, कारण तो फळ्यावरून आलेला असतो. हल्लीं फळ्याची जागा मोबाइलनें घेतली आहे. बोटानें चित्र शोधावें आणि तें उतरून काढावें, एवढाच काय तो फरक.

ही खोड आजची नव्हे. एकोणिसाव्या शतकांत लंडनमधील साउथ केन्सिंग्टन येथील सरकारी कलाशाळेनें चित्रकलेच्या शिक्षणाचा एक ठराविक क्रम घालून दिला होता. आधीं सरळ रेघा, मग छापील नमुन्यांवरून बाह्यरेषा, मग घन, शंकु आणि प्लास्टरच्या आकृति. हात वळावा, रेघ नेटकी यावी, चांगले कारागीर तयार व्हावे, हा त्यामागचा उद्देश. मुंबईस १८५७ सालीं निघालेल्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेंतहि पुढें त्याच पद्धतीचें वळण आलें, आणि तें आपल्या शाळांत उतरलें. हातास शिस्त लागणें वाईट नव्हे. परंतु त्या क्रमांत मुलाच्या स्वतःच्या डोळ्यांस व मनास फारसें काम नव्हतें.

या पद्धतीस एका शाळेंतील चित्रकलेच्या शिक्षिकेनें जें उत्तर दिलें, तें आज आपल्यापुढें ठेवावयाचें आहे. मॅरियन रिचर्डसन हें त्यांचें नांव. त्यांचा जन्म १८९२ सालीं इंग्लंडांत झाला. बर्मिंगहॅमच्या कलाशाळेंत त्या शिकल्या. तेथील प्रमुख कॅटर्सन-स्मिथ हे विद्यार्थ्यांस एखादी वस्तु थोडा वेळ दाखवीत आणि मग डोळे मिटून ती आठवणींतून काढावयास लावीत. हा धडा रिचर्डसनबाईंच्या मनांत रुजला. १९१२ सालीं त्या डडली गांवच्या मुलींच्या हायस्कुलांत शिकवूं लागल्या. डडली हें कोळसा व लोखंड यांवर वाढलेलें गांव. त्या मुलखाचें नांवच मुळीं 'काळा मुलूख' असें आहे. चित्र काढण्याजोगें तेथें काय असणार, असें कोणासहि वाटावें.

बाईंचा तास असा चाले. त्या मुलींस डोळे मिटावयास सांगत आणि आपण एखादें दृश्य शब्दांनीं उभें करीत. तें बहुधा जवळपासचेंच असे: ओळखीची गल्ली, दिवेलागणीची वेळ, एखादें दुकान, त्यांतून बाहेर पडणारा उजेड. वर्णन संपलें तरी मुली कांहीं वेळ तशाच बसत. आंतलें चित्र स्पष्ट झालें, म्हणजे मग रंग हातीं घेत. कधीं कधीं वर्णनहि नसे. मिटलेल्या डोळ्यांपुढें आपोआप जें उभें राहील तेंच काढावयाचें. फळ्यावर उतरून घेण्यासारखा नमुना नसे. काढलेलें चित्र मनांतल्या चित्राशीं जुळलें कीं नाहीं, हा न्याय ज्या मुलीनें तें काढलें तिनेंच करावयाचा. जें स्वतः पाहिलें नाहीं तें काढूं नये आणि जें पाहिलें तें काढण्यास लाजूं नये, इतकाच या साऱ्याचा अर्थ आम्ही समजतों.

१९१७ सालीं लंडनमध्यें प्रसिद्ध चित्रकार व समीक्षक रॉजर फ्राय यांनीं मुलांच्या चित्रांचें प्रदर्शन भरविलें होतें. बाई तेथें गेल्या आणि त्यांनीं आपल्याजवळचीं विद्यार्थिनींचीं चित्रें त्यांस दाखविलीं. फ्राय इतके प्रसन्न झाले, कीं तीं त्यांनीं प्रदर्शनांत घेतलीं. पुढें १९३० सालीं लंडनच्या काउंटी कौन्सिलनें बाईंस चित्रकलेच्या निरीक्षक नेमिलें, आणि १९३८ मध्यें तेथील काउंटी हॉलमध्यें शाळांतील मुलांच्या चित्रांचें मोठें प्रदर्शन झालें. १९४६ सालीं बाई निवर्तल्या. त्यांचें 'कला आणि मूल' या अर्थाच्या नांवाचें पुस्तक त्यांच्या मागून १९४८ मध्यें प्रसिद्ध झालें.

येथें कोणी म्हणेल, मुलांनीं मनास येईल तें काढावें, तर मग शिक्षकानें हात जोडून बसावें काय? तसें नाहीं. नमुना फळ्यावर काढून देणें हें सोपें काम आहे. तें झालें कीं शिक्षक मोकळा. मुलाच्या मनांत चित्र उभें राहील असें बोलणें, मूल खरें काढीत आहे कीं दुसऱ्याचें चोरून आणीत आहे हें ओळखणें, आणि खऱ्या पण वेड्यावांकड्या रेघेस खोट्या पण नेटक्या रेघेहून अधिक मान देणें, हें फार कठीण आहे. अशा तासांत शिक्षकाचें ओझें वाढतें.

दुसरें कोणी म्हणेल, परीक्षेचें काय? एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षांस आपलीं मुलें बसतात, आणि बसावें. पण त्याच परीक्षांत स्मरणचित्राची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असते, हें आपण विसरतों. बाजार, सण, पावसांतला रस्ता आठवून काढावा, यासाठींच ती आहे. आपण मात्र मुलांकडून तयार स्मरणचित्रें पाठ करून घेतों. जें स्मरावयाचें तें पाठ करविणें, याहून विपरीत तें काय?

आतां आम्हांस आमचा एक अपराध सांगावयाचा आहे. इतरांचें पापनिवेदन ऐकणें हें आमचें नित्याचें काम. आज आमचें आपण ऐका. वीस-बावीस वर्षांपूर्वीं, दुसऱ्या एका धर्मग्रामांत सहायक धर्मगुरु असतांना, नाताळच्या सुमारास आम्हीं मुलांकडून बेथलेहेमच्या गोठ्याचीं चित्रें काढून घेतलीं. बहुतेकांनीं शुभेच्छापत्रांवरून उतरून आणलीं. सगळीकडे बर्फ आणि बर्फानें लवलेलीं उंच झाडें. कोळीवाड्यांतील एका मुलाचें चित्र मात्र निराळें होतें. त्याचा गोठा म्हणजे किनाऱ्यावरचें झावळ्यांचें खोपट. आंत जाळें टांगलेलें, योसेफाच्या कमरेस कोळ्याचा रुमाल, बाळ मासळीच्या टोपलींत निजविलेलें, आणि दाराशीं एक होडी. 'अरे, बेथलेहेमांत होडी कोठून आली?' असें आम्हीं हंसून विचारलें. सारा वर्ग हंसला. भिंतीवर आम्हीं बर्फाचीं चित्रें लाविलीं आणि त्याचें त्यास परत केलें. युरोपांतील तो बर्फाळ देखावा बेथलेहेमांत कोठून आला, हें मात्र आम्हीं कोणासहि विचारलें नाहीं.

पुढें त्या मुलाची वही आमच्या पाहण्यांत आली. तिच्यांत दोन डोंगर होते आणि मधून सूर्य उगवत होता. चित्र नेटकें होतें. आम्हीं त्यास शाबासकी दिली.

रिचर्डसनबाईंचें पुस्तक पुढें कित्येक वर्षांनीं हातीं आलें, तेव्हां त्या शाबासकीची आम्हांस लाज वाटली. प्रभु आपल्याच दारीं जन्मला, असें त्या बालकानें पाहिलें होतें. आम्ही हेंच व्यासपीठावरून दर नाताळास सांगतों, आणि एका मुलानें तें खरें मानून काढलें तेव्हां आम्हीं त्यास हंसलों.

ही चूक आमच्या एकट्याची नव्हे. गोव्यांतील सांतो इस्तेव्हांव येथें १९०२ सालीं जन्मलेले आंजेलो द फोन्सेका हे शांतिनिकेतनांत शिकलेले थोर चित्रकार. त्यांनीं पवित्र मरियेस साडी नेसलेल्या आपल्याकडील स्त्रीच्या रूपांत रंगविलें. त्या काळीं पुष्कळ ख्रिस्ती लोकांस तें रुचलें नाहीं. स्वदेशींच टीका झाली. १९६७ सालीं मृत्यु येईपर्यंत त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग पुण्यास गेला, आणि तेथील ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमांत त्यांनीं बहुत काम केलें. आज त्याच चित्रांचा आपण अभिमान बाळगतों.

म्हणून आमच्या तीन विनंत्या आहेत. शाळासमितीनें हा तास राखावा. गणितास अधिक वेळ हवा हें खरें आहे. त्यासाठीं धर्मग्रामाचें सभागृह सायंकाळीं उघडें ठेवण्याची जबाबदारी आम्ही घेतों. शिक्षकांनीं फळ्यावरचा तो देखावा आजपासून पुसून टाकावा. आणि पालकांनीं, मूल चित्र घेऊन आलें असतां, 'हें कशावरून काढलेंस?' असें न विचारतां, 'हें कोठें पाहिलेंस?' असें विचारावें, आणि तें सांगेल तें पुरतें ऐकावें.

येत्या नाताळांत मंदिराच्या पडवींत या शाळेच्या मुलांनीं काढलेले गोठे लागतील. त्यांत विहीर असो, केळीची बाग असो, होडी असो. एकहि चित्र परत केलें जाणार नाहीं. आपल्या दारीं येणाऱ्या प्रभूस ओळखण्याची दृष्टि तो आपणां सर्वांस देवो, आणि ज्या बालकांस ती त्यानें आधींच दिली आहे, त्यांच्या आड न येण्याची बुद्धि आम्हां वडीलधाऱ्यांस देवो.