डिस्क मोठी, मोजणी लहान



मार्च जवळ आला की ऑफिसांतून एक ठरलेला फोन येतो. "कॉम्प्युटर भरलाय, मोठी हार्ड डिस्क टाकून द्या." नवा कॉम्प्युटर का घेत नाही, असं विचारायची सोय नसते, कारण त्यांचं उत्तर खरोखर सबळ असतं. आपल्याकडच्या कितीतरी छापखान्यांत आणि डीटीपीच्या दुकानांत पेजमेकर हा पानं जुळवायचा प्रोग्रॅम अजून चालतो. त्याची शेवटची, सातवी आवृत्ती २००१ सालची. पुढे कंपनीने त्याचा नाद सोडला. पण दिवाळी अंक, लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल असं वर्षानुवर्षांचं काम त्यात पडून आहे. मराठी फॉन्ट युनिकोडच्या आधीचे. आणि काही ठिकाणी तर सॉफ्टवेअरचं कुलूप प्रिंटरच्या जुन्या रुंद पोर्टला खोचलेलं असतं. नव्या मशीनला तो पोर्टच नसतो. तेव्हा जुना कॉम्प्युटर राहणार हे धरूनच चालू या.

आता त्याला मोठी डिस्क चालेल का? दुकानदार म्हणतो, "चालेल की, लावून तर बघा." हे लावून बघणंच महागात पडतं, आणि ते का, हे सांगायला मी आज आलो आहे.

जुन्या डिस्कवरची जागा ५१२ बाइटच्या छोट्या कप्प्यांत विभागलेली असते. त्यांना सेक्टर म्हणतात. प्रत्येक सेक्टरला क्रमांक असतो आणि कॉम्प्युटर त्या क्रमांकानेच माहिती लिहितो, वाचतो. रुंद पट्टीची केबल असलेल्या जुन्या आयडीई मशीनमध्ये हा क्रमांक लिहायला २८ बिट ठेवलेले होते. २८ बिटांत २६ कोटी ८४ लाखांच्या वर थोडे क्रमांक मावतात. त्यांना ५१२ ने गुणा, म्हणजे १३७ जीबी. त्याच्या पलीकडचा सेक्टर डिस्कवर असतो, पण त्याला हाक मारायला मशीनकडे आकडाच नसतो.

अशा भिंती याआधीही येऊन गेल्या. एक ५२८ एमबीला होती, मग ८.४ जीबीला, मग काही बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, ३३.८ जीबीला. ज्यांनी त्या घातल्या त्यांना हसण्यात अर्थ नाही. १९८० साली सीगेटने छोट्या कॉम्प्युटरसाठी पहिली सव्वापाच इंची हार्ड डिस्क आणली, ती अवघ्या ५ एमबीची होती. आज मोबाइलवर काढलेला एक फोटो तेवढी जागा घेतो.

भिंत दिसली तर प्रश्न नसतो. २५० जीबीची डिस्क लावली आणि स्क्रीनवर १३७ च दिसले, तर माणूस चौकशी तरी करतो. (विंडोज हेच माप १०२४ च्या हिशेबाने मोजते, म्हणून तिथे १२८ दिसतात. एक टीबीच्या नव्या डिस्कचे ९३१ जीबीच दिसतात, तेही याच हिशेबामुळे. दुकानदाराने काही काढून घेतलेलं नसतं.) खरी भीती आहे ती पूर्ण २५० जीबी दाखवणाऱ्या मशीनची. नव्या कॉम्प्युटरवर फॉरमॅट मारून आणलेली डिस्क जुन्या विंडोजमध्ये लावली, फोल्डर दिसले, फायली उघडल्या, सगळे खूश. महिनोन्‌महिने काही होत नाही, कारण डिस्क अजून अर्धीही भरलेली नसते. मग एका रात्री १३७ जीबीची रेषा ओलांडली जाते. जुन्या स्कूटरचा मीटर ९९,९९९ नंतर शून्यावर येतो, तसा इथे सेक्टरचा क्रमांक पहिल्यापासून सुरू होतो. नवी फाइल जाऊन बसते ती डिस्कच्या आरंभाला, आणि कुठली फाइल कुठे आहे याची नोंदवही नेमकी त्या बाजूला असते. सकाळी ऑफिस उघडतं तेव्हा सगळा डेटा उडालेला. "काल संध्याकाळपर्यंत तर चालत होता हो!" हे वाक्य अगदी खरं असतं.

४८ बिटांचे क्रमांक आल्यावर ही भिंत गेली. पण विंडोज एक्सपी २००१ साली बाजारात आली तेव्हा तिला ते येत नव्हते. पुढच्या वर्षीच्या सर्व्हिस पॅक १ पासून आले. म्हणून डिस्क विकत घेण्याआधी 'माय कॉम्प्युटर'वर उजवं बटण दाबून प्रॉपर्टीज उघडा आणि सर्व्हिस पॅक कितवा आहे ते बघा. मग मशीन सुरू होताना बायोसच्या पडद्यावर डिस्कचं माप पूर्ण येतं का ते बघा. दोहोंपैकी एकाबद्दलही शंका असेल तर १२० जीबीच्या वर जाऊ नका.

अरुंद केबलच्या, म्हणजे साटाच्या मशीनला पुढची भिंत आहे २.२ टीबीची. तिथे डिस्कच्या भागांची नोंद ३२ बिटांत होते, एवढाच फरक. तेव्हा स्वस्तात मिळाली म्हणून ४ टीबीची डिस्क एक्सपीच्या मशीनला जोडू नका. दोन टीबीवर थांबा.

मशीनला वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसकडे मात्र कुणी बघत नाही. डिस्क फिरायला लागते त्या पहिल्या काही सेकंदांत बारा व्होल्टच्या तारेवर दीड-दोन अँपिअरचा ओढा येतो. दोन डिस्क एकदम उठल्या तर दहा वर्षांच्या स्वस्त एसएमपीएसला धाप लागते आणि मशीन अधूनमधून आपोआप रीस्टार्ट होऊ लागतं. लोक व्हायरसला शिव्या देतात. दुसरं म्हणजे जुन्या पांढऱ्या चार पिनांच्या प्लगवरून साटाला वीज देणारा जोड. तो घेताना टोक निरखून बघा. प्लास्टिक ओतून घट्ट बंद केलेला जोड आतल्या आत शॉर्ट होऊन जळू शकतो. ज्याच्या तारा मागच्या झाकणाखाली एकेक दाबून बसवलेल्या दिसतात, तो घ्या. काही रुपयांचाच फरक असतो. आणि आयडीईची 'नवी' डिस्क कुणी देत असेल तर ती बहुधा पुसून आणलेली जुनीच असते. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या फुकट प्रोग्रॅममध्ये ती आजवर किती तास चालली ते दिसतं. दुकानातच लावून बघा, लाजू नका.

आता माझं मत विचाराल, तर जुन्या मशीनला मोठी डिस्क देऊच नये. त्याच्याकडे प्रोग्रॅम आणि चालू काम एवढंच ठेवावं. झालेलं काम दर आठवड्याला दुसऱ्या, अलीकडच्या कॉम्प्युटरवरच्या मोठ्या डिस्कवर न्यावं. यूएसबी २ वरून शंभर जीबी न्यायला तासभर लागतो. जेवणाच्या सुट्टीत लावून द्या. एक्सपीला कंपनीने ८ एप्रिल २०१४ रोजी वाऱ्यावर सोडलं, तेव्हा त्या मशीनची इंटरनेटची तार काढलेलीच बरी.

आणि एकाच डब्यात दोन डिस्क आहेत म्हणजे बॅकअप झाला, असं कृपा करून समजू नका. विजेचा एक फटका दोन्ही नेतो. दुसरी प्रत दुसऱ्या इमारतीत हवी, मालकाच्या घरी असली तरी चालेल.

नवी डिस्क लागली, काम सुरू झालं, की काढलेल्या जुन्या डिस्कवर तारीख घाला आणि ती कपाटात ठेवा. निदान सहा महिने तिला फॉरमॅट मारू नका आणि कुणाला देऊही नका.