सांदण दरी : एका दिवसाचा बेत



पुढच्या भेटीला हॉल नको, कुठेतरी चालायला जाऊ, असं ग्रुपवर ठरलं आणि बेत आखायचं काम माझ्याकडे आलं. मी सुचवते आहे अकोले तालुक्यातल्या साम्रद गावाजवळची सांदण दरी.

रतनगडाच्या शेजारी काळ्या बसाल्टला पडलेली ही उभी भेग. दोन्हीकडे शेकडो फूट उंच कातळ, आणि काही ठिकाणी वाट आपल्या जुन्या नाशकातल्या बोळापेक्षाही अरुंद. ऊन तळापर्यंत जेमतेम पोचतं. सुरुवातीलाच दोन ठिकाणी पाणी साचलेलं असतं. दुसऱ्या ठिकाणी ते कमरेपर्यंतही येऊ शकतं.

पावसाळ्यात तिथे उतरायचं नाही. का, ते एका उदाहरणाने सांगते. अमेरिकेत ॲरिझोनामध्ये अँटिलोप कॅनियन नावाची अशीच अरुंद घळ आहे. 12 ऑगस्ट 1997 रोजी तिथे अचानक लोंढा आला आणि 11 जण गेले. पाऊस घळीत नव्हे, लांब वरच्या बाजूला पडला होता. अशा जागी पाण्याला पसरायला वाव नसतो आणि माणसाला बाजूला व्हायला. म्हणून आपण जानेवारी-फेब्रुवारीत जाऊ, तेही मधल्या वारी. शनिवार-रविवारी गर्दी फार.

पहाटे पाचला नाशिक सोडायचं. घोटी, भंडारदरा करत साम्रद. गावातला वाटाड्या घ्यायचाच. जेवण गावातच सांगून ठेवू. प्रत्येकाकडे दोन लिटर पाणी, पकड असलेले बूट, कोरडे कपडे. दरीत मोबाईलवर विसंबायचं नाही. दोरावरून खाली कोकणात उतरणं आपल्या बेतात नाही. पहिल्या मोठ्या कड्यापर्यंत जायचं आणि आल्या वाटेने परतायचं. एक वाजला की जिथे असू तिथून मागे.

आता महत्त्वाचं. आपण पन्नाशीकडे झुकलोय. कुणाचा गुडघा दुखतो, कुणाला बीपीची गोळी चालू आहे, आणि वर्गासमोर ते सांगायला जीभ रेटत नाही. शाळेत शर्यतीत शेवटी येणाऱ्याला आपण हसायचो, ते अजून कुठेतरी आत बसलेलं आहे. म्हणून दोन नियम. सगळ्यात हळू चालणारा सगळ्यांच्या पुढे राहील. आणि एकाने जरी "मला इथून परत जायचंय" म्हटलं, तर त्याला कारण विचारायचं नाही. दोघं त्याच्यासोबत परततील. ते दोघं कोण, हे निघण्याआधीच ठरलेलं असेल.

ऑफिसात आम्ही सॉफ्टवेअर सुरू करण्याआधी ते बंद कसं करायचं, हे लिहून ठेवतो. डोंगरातही तेच लागतं.

सर, बाई, तुम्हीही चला. खाली उतरायचं नसेल तर दरीच्या तोंडाशी खुर्च्या मांडू. तिथून हजेरी घ्या. उतरताना जेवढी नावं, वर येताना तेवढीच हवीत.